बाळाच्या डोळ्यातले ‘फूल’ आणि कायद्याचे कलम २५

प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी करा आणि अपंगत्वाचा धोका असलेली मुले वेळेत हुडकून काढा, असा आदेश या देशाच्या संसदेने सरकारला आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना १९९५ साली दिला. त्या वर्षीच्या अपंग व्यक्ती कायद्यात हा आदेश कलम २५ मध्ये होता. तो कायदा जाऊन दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. नव्या कायद्यातही हा आदेश कलम २५ मध्येच आहे. कायदा बदलला, सरकारे बदलली, कलमाचा क्रमांकसुद्धा बदलला नाही. प्रश्न एवढाच आहे, की दिघीतल्या एखाद्या पत्र्याच्या खोलीतील पाळण्यापर्यंत हे कलम पोहोचले आहे काय? आज आम्ही हा प्रश्न एका अगदी लहान जागेवर तपासून पाहणार आहोत. ती जागा जेमतेम १० मिलिमीटर रुंदीची आहे. ती म्हणजे नवजात बाळाच्या डोळ्याचे बुबुळ.

बुबुळावर पांढरेपणा, राखाडी झाक किंवा ढगाळपणा दिसला की आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि नेत्रदानाच्या फलकावर यालाच बुबुळ म्हटलेले असते. प्रकाश डोळ्यात शिरतो तो याच काचेतून. काच जन्मतःच धूसर असेल, तर आतला सारा डोळा धडधाकट असूनही मुलाला दिसत नाही. मोतीबिंदू वेगळा. तो या काचेच्या मागे असलेल्या भिंगात असतो आणि बाहुलीत पांढरा ठिपका दिसतो. घरच्यांना दोन्ही सारखेच वाटतात. त्यांनी फरक ओळखावा अशी अपेक्षाही नाही. तो ओळखण्यासाठी आपण कर भरून दवाखाने चालवतो.

येथे पहिली गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘फूल पडले’ हे निदान नव्हे. ताप आला म्हणजे जसे रोगाचे नाव कळत नाही, तसेच हे आहे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा हे रक्त तपासल्याशिवाय औषध देणारा डॉक्टर आपण शहाणा समजत नाही. पण तान्ह्या बाळाच्या पांढऱ्या बुबुळावर मात्र ‘मोठा झाला की बघू’, ‘बुबुळ बदलावे लागेल, पण आत्ता नाही’ अशी उत्तरे दिली जातात आणि पालक ती घेऊन घरी परततात. वकिली करताना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कागद घेऊन येणारे पालक आम्ही पाहतो. त्यांच्या पिशवीत पहिल्या सहा महिन्यांचा एकही कागद नसतो आणि सहाव्या वर्षानंतरचे डझनभर असतात. ज्या काळात कागद हवे होते, तो काळ कोरा.

एकच ढग, कारणे अनेक

जन्मजात धूसर बुबुळामागे सात-आठ निरनिराळी कारणे असतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि प्रत्येकाची घाई वेगळी. यातील सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे जन्मजात काचबिंदू. डोळ्यातील पाण्याचा निचरा होणारी वाट जन्मतःच नीट तयार झालेली नसते. पाणी तुंबते, दाब वाढतो. मोठ्या माणसाचा डोळा कडक असतो, तो वाढत्या दाबाने फुगत नाही. बाळाचा डोळा मऊ असतो, तो फुगतो. बुबुळ मोठे होते, त्याच्या आतल्या थराला चिरा पडतात, पाणी शिरून ते धूसर होते. मागे डोळ्याची मुख्य नस दाबाने मरत जाते. मेलेली नस कोणतीही शस्त्रक्रिया परत आणू शकत नाही.

या रोगाची तीन लक्षणे कोणतीही आई सांगू शकते. डोळ्यातून सतत पाणी येणे, उजेड सहन न होणे आणि उजेडात पापण्या घट्ट मिटून घेणे. चौथे लक्षण म्हणजे डोळे मोठे दिसणे. आणि इथेच आपला घात होतो. मोठ्या डोळ्यांचे बाळ आपल्याकडे कौतुकाचा विषय असते. ‘केवढे टपोरे डोळे’ म्हणून शेजारणी दृष्ट काढतात. ज्या डोळ्याची दृष्ट काढली जाते, तो डोळा आतून दृष्टी गमावत असतो. नवजात बाळाच्या बुबुळाची रुंदी साधारण १० मिलिमीटर असते. ती ११ च्या पुढे असेल तर शंका घ्यावी, पहिल्या वर्षात १२ च्या पुढे गेली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला एक दिवसही थांबू नये. एका डोळ्यापेक्षा दुसरा मोठा दिसत असेल तर तीही धोक्याचीच खूण आहे.

दुसरा घात दवाखान्यात होतो. बाळाच्या डोळ्यातून पाणी येते म्हटले की ‘अश्रुनलिका बंद आहे, नाकाजवळ मालिश करा, वर्षभरात उघडेल’ असे सांगितले जाते. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरेही असते. पण बंद अश्रुनलिकेत बाळ उजेडाला घाबरत नाही आणि त्याचे बुबुळ मोठे किंवा धूसर होत नाही. हा फरक पाहायला महागडे यंत्र लागत नाही. विजेरी, मोजपट्टी आणि दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न दिल्याने मालिश करण्यात महिने जातात आणि नस मरते.

दुसरे कारण प्रसूतीच्या वेळची इजा. चिमटा लावून प्रसूती झाली असेल तर बुबुळाच्या आतल्या थराला चीर पडून ते धूसर होऊ शकते. हे सहसा एकाच डोळ्यात असते. तिसरे कारण संसर्ग. जन्मानंतर दोन-चार दिवसांत बाळाचे डोळे सुजून पू येऊ लागला तर ते साधे ‘डोळे येणे’ समजू नये. आईकडून आलेला परम्याचा संसर्ग असेल तर बुबुळाला काही दिवसांत भोक पडू शकते. जर्मनीत डॉ. क्रेडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि हजारो मुले आंधळी होण्यापासून वाचली. आपल्याकडे मात्र आजही बाळाच्या डोळ्यांत काजळ भरले जाते, मध घातला जातो.

चौथे, आईला गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला. ताप आणि अंगावर पुरळ, एवढेच आईला आठवते. बाळाला मात्र मोतीबिंदू, काचबिंदू, धूसर बुबुळ, बहिरेपणा आणि हृदयाचा दोष यांतील एक किंवा अनेक गोष्टी होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध १९४१ साली जगापुढे मांडला. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. म्हणजे शोध आणि आपल्या मुलांना मिळालेली लस यांत सत्त्याहत्तर वर्षे गेली. ज्या बायकांचे बालपण त्या मोहिमेच्या आधी सरले, त्या आज आई होत आहेत हे विसरता येणार नाही.

पाचवे, बुबुळाची घडणच गर्भात अपुरी राहणे. काहींत मधोमध पांढरा डाग असतो आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा त्याला चिकटलेला असतो. याला पीटर्सचा दोष म्हणतात. अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना काचबिंदूही होतो. काहींचे बुबुळ डोळ्याच्या पांढऱ्या भागासारखेच पांढरे असते. काहींत बुबुळाच्या कडेला मांसाची पांढरट गाठ असते. सहावे, दोन्ही बुबुळे सारखी निळसर धुरकट आणि जाड, पण आकाराने मोठी नाहीत, असा आनुवंशिक रोग. हा रोग आणि काचबिंदू यांची गल्लत होते. काचबिंदूला दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया लागते, याला पुढे बुबुळाचा थर बदलावा लागतो. सातवे, शरीरातील साखरेचे काही गुंतागुंतीचे घटक मोडण्याची शक्ती नसणे. यात बुबुळ सहसा पहिल्या काही महिन्यांत हळूहळू धूसर होत जाते. सोबत चेहऱ्याची ठेवण जाडसर, पोट मोठे, हर्निया, सांधे आखडलेले असे दिसते. येथे डोळ्याचा ढग हा साऱ्या शरीराच्या आजाराची चिठ्ठी असतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात अशा मुलांच्या उपचारासाठी जी केंद्रे नेमली आहेत, त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. पण चिठ्ठी वाचणाराच नसेल तर मूल केईएमपर्यंत पोहोचणार कसे?

शंका कोणी घ्यायची, निदान कोणी करायचे

शंका घेणे आणि निदान करणे ही दोन वेगळी कामे आहेत. शंका आईने, आशाताईने, परिचारिकेने आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरने घ्यायची आहे. बाळाच्या डोळ्यावर उजेड टाकून आतून लालसर चमक परत येते का, दोन्ही डोळ्यांत सारखी येते का, एवढे पाहायचे. चमक नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

निदान मात्र तज्ज्ञाचे काम आहे. तान्हे बाळ हनुवटी टेकून यंत्रापुढे बसत नाही. त्यामुळे बऱ्याचदा भूल देऊन तपासावे लागते. त्या एका भुलेत डॉक्टर बुबुळाची रुंदी मोजतात, डोळ्याचा दाब घेतात, सूक्ष्मदर्शकातून धूसरपणा कोणत्या थरात आहे ते पाहतात, पुढच्या भागाची बारीक सोनोग्राफी करून ढगाच्या मागे रंगीत पडदा आणि भिंग जागेवर आहे का ते बघतात आणि पाठीमागचा पडदा सुटलेला नाही याची खात्री करतात. त्यासोबत हृदय, मूत्रपिंड, कान यांची तपासणी आणि गरजेनुसार रक्ताची व जनुकांची चाचणी होते. पालकांना विचारायचे प्रश्नही निदानाचाच भाग आहेत. पांढरेपणा जन्मापासून की नंतर वाढला? एका डोळ्यात की दोन्ही? प्रसूती कशी झाली? आईला पुरळ आले होते का? घरात आणखी कोणाला असे आहे का? नवरा-बायको नात्यातले आहेत का? भुलेच्या नावाने पालक घाबरतात, ते साहजिक आहे. पण भूल न देता केलेली अर्धवट तपासणी आणि तिच्यावर विसंबलेले ‘नंतर बघू’ हे भुलेपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

घाई का, तेही समजून घ्यावे. बाळ पाहायला शिकते ते मेंदूने. पहिल्या काही महिन्यांत डोळ्याकडून स्पष्ट चित्र मेंदूकडे गेले नाही, तर मेंदू त्या डोळ्याची दखल घेणे सोडून देतो. पुढे सहा वर्षांनी बुबुळ बदलून काच लख्ख केली, तरी मेंदू पाहत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. दोन्ही डोळ्यांत अडथळा असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास डोळे सतत हलू लागतात. ही उशीर झाल्याची खूण असते. एक इशारा औषधांबाबतही द्यायला हवा. मोठ्या माणसांच्या काचबिंदूसाठी वापरला जाणारा ब्रिमोनिडीनचा थेंब तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतो. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेला स्टेरॉइडचा थेंब काचबिंदू निर्माण करू शकतो. आजोबांची बाटली नातवाच्या डोळ्यात कधीही रिकामी करू नये.

हे सारे दुर्मीळ आहे, त्यावर एवढे लिहायचे कारण काय, असे कोणी म्हणेल. पाश्चात्त्य देशांत जन्मजात काचबिंदू साधारण दहा हजार बाळांमागे एकाला होतो असे मानले जाते. आंध्र प्रदेशात झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे ३३०० बाळांमागे एक असे निघाले. युरोपातील स्लोव्हाकियात, शतकानुशतके वेशीबाहेर ठेवलेल्या रोमा समाजात ते सुमारे १२५० मागे एक आढळले. आणि आपल्या महाराष्ट्राचे काय? पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी राज्यातील ३५ अंधशाळांतील १९८५ विद्यार्थी तपासले. त्यांचा अहवाल २००७ साली ब्रिटिश नेत्रवैद्यकीय नियतकालिकात आला. दृष्टी गेलेल्या मुलांपैकी सुमारे ४१ टक्क्यांत डोळ्याच्या जन्मजात विकृती होत्या आणि सुमारे २२ टक्क्यांत बुबुळाचे आजार, त्यात मुख्यतः व्रण राहिलेली बुबुळे. यातील सर्व मुले वाचवता आली असती असे आम्ही म्हणणार नाही. काही डोळे जन्मतःच घडलेले नसतात. पण कोणते वाचले असते आणि कोणते नाही, हे जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीशिवाय सांगता येत नाही आणि अंधशाळेच्या दारात ती तपासणी करायला फार उशीर झालेला असतो.

दिघीचा पाळणा कोणाच्या नोंदवहीत?

आता दिघीकडे येऊ. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. एका बाजूला संरक्षण खात्याच्या संस्था, दुसऱ्या बाजूला भोसरीची एमआयडीसी, पुढे मोशीवरून चाकणचा पट्टा. लष्करासाठी नदी-नाल्यांवर झटपट टाकता येणारे पूल आखणारी संशोधन संस्था याच दिघीत आहे. येथे लोखंडाचे माप मिलिमीटरच्या अंशापर्यंत घेतले जाते. त्याच गावात राहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या बाळाच्या बुबुळाचे माप मात्र कोणी घेत नाही.

याचे कारण केवळ निष्काळजीपणा नाही, व्यवस्थेची रचनाच तशी आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारा मोठा कामगारवर्ग लातूर, नांदेड, परभणी, बीड, बुलढाण्याकडून आलेला आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. सून सातव्या महिन्यात गावी जाते आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की दिघीला परतते. सरकारी योजनेनुसार आशाताईने नवजात बाळाला घरी जाऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहायचे असते. या सहाही भेटी माहेरच्या गावात होतात, झाल्या तर. दिघीच्या आशाताईच्या यादीत बाळ नसते. गावच्या यादीतून ते गेलेले असते. मेंदू पाहायला शिकतो ते नेमके महिने दोन नोंदवह्यांच्या मधल्या फटीत जातात. पुढची सरकारी तपासणी अंगणवाडीत व्हायची, पण तान्हे मूल रोज अंगणवाडीत जाऊन बसत नाही.

या फटीत एकच गोष्ट टिकून आहे, ती म्हणजे लस. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस बाळाला कोठेतरी मिळतेच. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की बुबुळाची तपासणी लसीच्या टेबलावर आली पाहिजे. त्यासाठी नवे रुग्णालय नको, नवा अधिकारी नको. टेबलावर विजेरी आणि मोजपट्टी हवी, परिचारिकेला एका दिवसाचे प्रशिक्षण हवे आणि नोंदवहीत ‘डोळे पाहिले, चमक आहे किंवा नाही’ असा एक रकाना हवा.

सरकारी यादीतील उणीव यापेक्षा मोठी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा प्रारंभ महाराष्ट्रात, पालघरला झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा हा चांगला कार्यक्रम आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण त्यात जन्मजात दोषांची जी नऊ नावे दिली, त्यांत डोळ्याची दोनच आहेत. जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडद्याचा आजार. जन्मजात काचबिंदू आणि धूसर बुबुळ यांचे स्वतंत्र नाव त्या नवात नाही. ‘दृष्टिदोष’ असा एक मोघम शब्द पुढच्या यादीत आहे. सरकारी कारभार माहीत असलेला कोणीही सांगेल, की ज्याला छापील रकाना नाही त्याची नोंद होत नाही, ज्याची नोंद नाही त्याचा आकडा नाही आणि ज्याचा आकडा नाही त्यासाठी तरतूद नाही. गरिबाचे दुखणे असेच कागदावरून नाहीसे होते.

कायदा काय सांगतो

कलम २५ पुन्हा वाचले पाहिजे. अपंगत्व टाळण्यासाठी सर्वेक्षण आणि संशोधन करणे, सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करणे, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, प्रसूतीपूर्वी, प्रसूतीच्या वेळी आणि नंतर माता-बालकाची काळजी घेणे, अंगणवाडीसेविकांमार्फत लोकशिक्षण करणे, ही सारी कामे त्यात आहेत. ती ‘समुचित शासन आणि स्थानिक प्राधिकरण’ यांच्यावर टाकली आहेत. स्थानिक प्राधिकरण म्हणजे आपल्या बाबतीत पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. १९९५ च्या कायद्यात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी एक पळवाट होती. २०१६ च्या कायद्यात तपासणीच्या या पोटकलमाला ती पळवाट ठेवलेली नाही. त्यामुळे निधी नाही, हे उत्तर येथे चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकालही चळवळीतील कार्यकर्त्यांनी जवळ ठेवावेत. व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात, अपुऱ्या दिवसांच्या मुलीचे डोळे चेन्नईच्या एग्मोर येथील सरकारी रुग्णालयात वेळेत तपासले नाहीत, पालकांना धोका सांगितला नाही आणि ती आंधळी झाली. न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी एकूण सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई मंजूर केली. डिसेंबर २०१९ मध्ये महाराजा अग्रसेन हॉस्पिटल या खाजगी रुग्णालयाच्या खटल्यात ७६ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. दोन्ही खटले डोळ्याच्या मागच्या पडद्याचे आहेत, बुबुळाचे नाहीत. पण त्यामागचे तत्त्व इथेही मांडता येते. धोका ओळखता येण्यासारखा असताना तपासणी न करणे आणि पालकांना न सांगणे हा निष्काळजीपणा ठरतो. मात्र दावा कागदावर उभा राहतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर त्याचे कागदपत्र ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. बाळंतपणाचे कार्ड, डिस्चार्ज कार्ड, लसीचे कार्ड या तिन्हींच्या प्रती प्रत्येक कुटुंबाने जपून ठेवाव्यात. नुकसानभरपाईने डोळा परत येत नाही, हे आम्ही जाणतो. पण एका खटल्याच्या धाकाने दहा प्रसूतिगृहांत विजेरी येते, हेही खरे आहे.

कामगारांचा आणखी एक हक्क आहे. मातेला प्रसूतीआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात ठणकावून सांगितले होते. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना अडारकर समितीचा अहवाल आला आणि त्यातून कामगार राज्य विमा योजनेचा पाया घातला गेला. या योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरला आहे. विमाधारक कामगाराच्या बाळालाही तज्ज्ञ उपचाराचा हक्क आहे. ठेकेदार पगारातून वर्गणी कापतो आणि कार्ड मात्र हातात देत नाही, अशा तक्रारी या पट्ट्यात नेहमीच्या आहेत. कार्ड नाही म्हणजे बाळाला डॉक्टर नाही. हा केवळ कामगार संघटनेचा विषय समजू नये.

दोष आईचा नव्हे

बाळाच्या डोळ्यात फूल दिसले की पहिला आरोप आईवर होतो. ग्रहणात बाहेर गेली, ग्रहणात भाजी चिरली, कोणाची तरी नजर लागली. चंद्राच्या सावलीचा आणि गर्भातल्या बुबुळाचा काडीचाही संबंध नाही. या आरोपाने दोन गुन्हे होतात. निरपराध बाई अपराधी ठरते आणि डॉक्टरकडे जायचे दिवस अंगाऱ्या-धुपाऱ्यात जातात. आमच्या वस्त्यांनी ग्रहण पाळणे सोडले असे आपण अभिमानाने सांगतो. पण बाळंतिणीच्या खोलीत ते अजून कुठे कुठे शिल्लक आहे, हे सासूबाईंनीच तपासून पाहावे.

जे कारण खरे आहे, त्याबद्दल मात्र आपण बोलत नाही. जन्मजात काचबिंदू आणि बुबुळाचे काही आनुवंशिक आजार, आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तर होतात. नात्यात लग्न झाले की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची आणि काही भागांत भाचीशी लग्न करण्याची चाल मराठवाड्यात, दक्षिण महाराष्ट्रात सर्वच जातींत आहे, आपल्यातही आहे. जातीतच लग्न करण्याची सक्ती हेच जातीचे मूळ आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सिद्ध केले. ती मांडणी समाजशास्त्राची होती, जनुकशास्त्राची नव्हती. पण लहान वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने झाली की काय होते, ते रोमा समाजाच्या उदाहरणाने वैद्यकशास्त्रही सांगते. याचा अर्थ ज्यांची लग्ने नात्यात झाली त्यांना दोषी धरावे असा नाही. त्यांच्या बाळांचे डोळे आधी तपासावेत आणि पुढच्या पिढीची सोयरीक ठरवताना वर्तुळ मोठे करावे, असा आहे. एका मुलाला हा आजार असेल तर पुढच्या प्रत्येक भावंडाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा दुसऱ्या बाळाचा डोळा जन्मल्या दिवशीच तपासला पाहिजे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाला घरी सोडण्यापूर्वी आणि प्रत्येक लसीकरणाच्या टेबलावर डोळ्यांची तपासणी व्हावी आणि तिची नोंद कार्डावर व्हावी. माहेराहून आलेल्या बाळाची नोंद दिघीच्या आशाताईकडे आठवड्याच्या आत व्हावी. संशयित बाळाला भुलेखाली तपासण्यासाठी सार्वजनिक रुग्णालयात ठरलेला दिवस आणि लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर असावा. राज्य सरकारने बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात काचबिंदू आणि धूसर बुबुळ यांची नावे घालावीत. आणि कलम २५ प्रमाणे गेल्या तीन वर्षांत किती मुलांचे डोळे तपासले, किती संशयित निघाले, किती जणांवर किती दिवसांत उपचार झाले, हे महापालिकेने जाहीर करावे. ते जाहीर होत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज कोणत्याही शाखेला करता येतो.

चळवळीच्या कार्यक्रमांतही याला जागा द्यावी. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्याकडे नेत्रतपासणी शिबिरे होतात, ज्येष्ठांना चष्मे दिले जातात. ते चालू राहावे. त्याच मांडवात एक टेबल एक वर्षाच्या आतील बाळांसाठी लावावे. विहारात दर पौर्णिमेला येणाऱ्या बाळंतिणींना चार गोष्टी सांगाव्यात. बाळाचे बुबुळ पांढरट, निळसर किंवा मोठे दिसते का, उजेडात ते डोळे मिटते का, पाणी येते का, दोन्ही डोळे सारखे आहेत का. यांतील एकही गोष्ट खटकली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे आणि ‘नंतर या’ म्हटले तर ते लेखी मागावे. नेत्रदानाचे अर्जही भरावेत, कारण काही मुलांना पुढे बुबुळ लागतेच. मात्र प्रत्येक पांढरे बुबुळ बदलावे लागत नाही आणि लहान मुलांत बदललेले बुबुळ टिकवणे कठीण असते. म्हणून नेत्रदानाच्याही आधी वेळेवरचे निदान येते.

संसदेने १९९५ साली दिलेल्या आदेशाला तीस वर्षे होऊन गेली. त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतः आई-बाप झाली आहेत आणि त्यांची बाळे दिघीच्या खोल्यांत पाळण्यात आहेत. या पिढीच्या बुबुळावर तरी कोणीतरी विजेरी टाकावी, यासाठी कायदा नव्याने करावा लागणार नाही. असलेला कायदा महापालिकेच्या टेबलावर नेऊन ठेवावा लागेल. ते काम कार्यकर्त्यांचे आहे.